इंजिनांची नावे आणि त्यांचे पितळी फलक

आगगाडीच्या इंजिनाला नाव कशाला हवे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. लोखंड, पाणी, कोळसा आणि वाफ यांच्या योगाने चालणारे ते एक यंत्र. ते कोणत्या शेडमध्ये उभे आहे, त्याची दुरुस्ती केव्हा झाली, त्याने किती मैल मजल मारली, ही नोंद ठेवावयास एक क्रमांक पुरेसा असतो. भारतातील बहुसंख्य इंजिनांनी आपले सारे आयुष्य अशा क्रमांकावरच काढले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली, तिच्या तीन इंजिनांची साहिब, सिंध आणि सुलतान अशी नावे परंपरेने सांगितली जातात. पण नावे ठेवण्याची ती चाल आपल्याकडे फारशी रुजली नाही.

ब्रिटनमध्ये मात्र ती केवळ रुजली असे नव्हे, तर तिचे एक शास्त्रच बनले. तेथील मुख्य रेल्वेमार्गांवरून वाफेची इंजिने ऑगस्ट १९६८ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतर संग्रहालयांत, स्वयंसेवकांनी चालविलेल्या छोट्या रेल्वेमार्गांवर आणि हौशी मंडळींच्या कारखान्यांत शेकडो इंजिने जतन करून ठेवण्यात आली. या इंजिनांच्या अंगावरील पितळी फलक एकामागून एक वाचीत गेले, तर एक चमत्कारिक यादी तयार होते. तीत राजे आहेत, उमराव आहेत, किल्ले आहेत, शाळा आहेत, पाणपक्षी आहेत, शर्यतीचा घोडा आहे, जहाज कंपन्या आहेत, लढाऊ विमानांची पथके आहेत. आणि त्या यादीत ‘कोल्हापूर’ही आहे. ताराराणी आणि शाहू महाराज यांच्या नगरीचे नाव एका इंग्रजी इंजिनावर कसे गेले, आणि त्या नावाच्या शेजारची इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद ही नावे कोठे गेली, हे समजून घ्यावयाचे तर नामकरणाची ही सारी परंपराच आधी पाहिली पाहिजे.

आरंभी नाव आले आणि क्रमांक मागाहून आला. लंडनच्या विज्ञान संग्रहालयातील ‘पफिंग बिली’ हे १८१३-१४ च्या सुमाराचे इंजिन आज जगातील सर्वांत जुन्या शिल्लक इंजिनांत गणले जाते. धापा टाकणारा बिली, असा त्या नावाचा सरळ अर्थ. खाणीतल्या मजुरांनी एखाद्या घोड्याला किंवा सोबत्याला हाक मारावी तसे ते नाव आहे. १८२५ मध्ये स्टॉक्टन ते डार्लिंग्टन या मार्गावर धावलेले ‘लोकोमोशन’, १८२९ मध्ये रेनहिल येथील चाचणीत विजयी झालेले स्टीफन्सन पितापुत्रांचे ‘रॉकेट’, ही नावे गतीचे नवल सांगणारी आहेत. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या आरंभीच्या काळात तर रुंद रुळांवरून धावणाऱ्या तिच्या इंजिनांना नावेच तेवढी असत, क्रमांक नसत. त्यांतील ‘नॉर्थ स्टार’ या इंजिनाची हकीकत बोधप्रद आहे. निवृत्तीनंतर १८७१ पासून स्विंडनच्या कारखान्यात ते जपून ठेवले होते; परंतु १९०६ मध्ये जागा अडते म्हणून ते मोडीत काढण्यात आले. पुढे १९२५ मध्ये, रेल्वेच्या शताब्दीच्या वेळी, त्याच कारखान्याला त्याच नावाची प्रतिकृती तयार करावी लागली, आणि हाती लागलेले जुने भाग शोधून तीत बसवावे लागले. यंत्र नाहीसे झाले तरी नाव लोकांच्या स्मरणात राहिले होते, आणि त्या स्मरणानेच यंत्र पुन्हा घडवून घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९२३ मध्ये ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्या एकत्र करून चार मोठ्या कंपन्या बनविण्यात आल्या. या चौघींत प्रवाशांसाठी चढाओढ होती, आणि इंजिनाचे नाव हे त्या चढाओढीतील एक साधन ठरले. त्यासंबंधी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. १९२५ च्या सुमारास सदर्न रेल्वेवर वर्तमानपत्रांतून बरीच टीका होत असे. तेव्हा कंपनीच्या प्रसिद्धीचे काम पाहणारे जॉन एलियट यांनी सुचविले की, नव्या इंजिनांना राजा आर्थर आणि त्याच्या दरबारातील वीर यांची नावे द्यावीत. सरव्यवस्थापक सर हर्बर्ट वॉकर यांना कल्पना पसंत पडली. मुख्य अभियंता मॅन्सेल यांना विचारले असता त्यांनी हरकत घेतली नाही. मात्र नावे दिल्याने इंजिनांच्या कामात तिळमात्र फरक पडणार नाही, एवढे त्यांनी बजावून ठेवले. त्या वर्गातील ‘सर लॅमिएल’ हे एक इंजिन आज शिल्लक आहे. मॅन्सेल यांचे म्हणणे अभियंत्याच्या दृष्टीने खरेच होते. बॉयलरमधील दाब नावामुळे वाढत नाही आणि कोळसाही कमी लागत नाही. तथापि नावाचे काम निराळे असते, आणि ते पुढे पन्नास-शंभर वर्षांनी कळून येते.

प्रत्येक कंपनीने नावांची आपापली रीत बसविली. ग्रेट वेस्टर्नने इंजिनांच्या जाती पाडल्या: तारे, संत, किल्ले, वाडे आणि शेवटी राजे. १९२७ ते १९३० या काळात तयार झालेल्या तीस ‘राजां’ची नावे ठेवताना तेव्हा गादीवर असलेल्या पाचव्या जॉर्जपासून आरंभ करून इतिहासात मागे मागे जाण्यात आले. शाळेतील इतिहासाची वंशावळच जणू रुळांवर उभी राहिली. पुढे पाचवे जॉर्ज निवर्तले तेव्हा अडचण आली. नव्या राजाला जागा करून देण्यासाठी यादीच्या शेपटाकडील ‘किंग स्टीफन’ या इंजिनाचे नाव काढून १९३६ मध्ये त्याला ‘किंग एडवर्ड आठवा’ करण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरात एडवर्ड यांनी सिंहासन सोडले. तेव्हा आणखी एका राजाला, दुसऱ्या हेन्रीला, बाजूला सारून १९३७ च्या आरंभी ‘किंग जॉर्ज सहावा’ हे नाव बसविले. सिंहासन सोडलेल्या एडवर्डचे नाव मात्र त्याच्या इंजिनावरून कोणी उतरविले नाही. ते इंजिन निवृत्त होईपर्यंत तो फलक तसाच होता. तीस राजांपैकी आज तीन उरले आहेत: पाचवा जॉर्ज, पहिला एडवर्ड आणि दुसरा एडवर्ड.

याच कंपनीच्या उमरावांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३६-३७ च्या सुमारास दोन जुन्या जातींच्या इंजिनांचे भाग जोडून काही लहान इंजिने तयार करण्यात आली आणि त्यांना अर्ल या पदवीच्या सरदारांची नावे देण्याचे ठरले. असे सांगतात की, आपले नाव असल्या जुनाट दिसणाऱ्या इंजिनावर पाहून सरदार मंडळी नाराज झाली. मग ते फलक काढून ऐटबाज ‘किल्ल्यां’वर बसविण्यात आले. आज टायस्ली येथे असलेले ‘अर्ल ऑफ माउंट एजकम’ हे इंजिन मुळात ‘बार्बरी कासल’ होते, ते यामुळेच. त्या लहान इंजिनांपैकी एक ब्लूबेल रेल्वेने जतन केले आहे. त्याच्यासाठी ‘अर्ल ऑफ बर्कली’ हे नाव योजले होते, पण सेवेत असताना ते त्याला कधीच मिळाले नाही. मिळाले ते निवृत्तीनंतर, जतन करणाऱ्यांच्या हातून.

सदर्न रेल्वेने १९३० ते १९३५ या काळात चाळीस इंजिनांना इंग्लंडमधील नामांकित शाळांची नावे दिली. जेथे शक्य असेल तेथे नवे इंजिन त्या शाळेजवळच्या स्थानकावर नेऊन उभे करीत आणि विद्यार्थ्यांना ते पाहावयास बोलावीत. ‘चेल्टनम’, ‘रेप्टन’ आणि ‘स्टो’ ही तीन शालेय इंजिने आज शिल्लक आहेत. १९४१ पासून बनविलेल्या दुसऱ्या एका वर्गाला जहाज कंपन्यांची नावे मिळाली. त्यांतील ‘पेनिन्शुलर अँड ओरिएंटल’ आणि ‘ब्रिटिश इंडिया लाइन’ ही इंजिने जतन झाली आहेत. मुंबई बंदरात पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करणाऱ्या बोटींच्या या कंपन्या. त्यांचे नाव मुंबईकरांना अपरिचित नाही.

लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न कंपनीचा कल शर्यतीच्या घोड्यांकडे होता. त्यामुळे ‘सँडविच’, ‘प्रिटी पॉली’, ‘स्पिअरमिंट’ अशी, भोजनगृहातील फलकावर शोभतील अशी नावे प्रचंड इंजिनांवर झळकत असत. १९३९ ची डर्बी जिंकणाऱ्या घोड्याचे ‘ब्लू पीटर’ हे नाव आजही एका जतन केलेल्या इंजिनावर आहे. याच कंपनीचे मुख्य अभियंता सर नायजेल ग्रेझली यांना पक्ष्यांची आवड होती. त्यांच्या प्रवाहाकृती इंजिनांपैकी पुष्कळांना पक्ष्यांची नावे मिळाली. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल वेग गाठून वाफेच्या इंजिनाचा जागतिक विक्रम करणारे ‘मॅलर्ड’ म्हणजे एक रानबदक. त्या विक्रमी इंजिनाला बदकाचे नाव आहे याचे आज कोणालाही हसू येत नाही, इतके ते नाव पराक्रमाशी एकरूप होऊन गेले आहे.

आता या फलकांच्या घडणीकडे वळू. प्रत्येक इंजिनाला दोन फलक लागतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. मोठ्या चाकांवर जी लोखंडी कमान असते, तिच्या वळणाशी जुळेल असा धनुष्याकृती फलक करण्याची पद्धत बहुतेकांनी स्वीकारली. ओतीव फलकासाठी प्रथम लाकडाचा नमुना करीत, त्यावरून वाळूचा साचा उठवीत आणि त्यात वितळलेले पितळ ओतीत. पितळ थंड होताना आकसते. दर फुटामागे सुमारे तीन-सोळांश इंच. म्हणून नमुना करणारा कारागीर साध्या मोजपट्टीने मोजीत नाही; आकसण्याचा हिशेब आधीच धरलेली थोडी लांब पट्टी तो वापरतो. ओतकाम झाले की अक्षरांचे माथे घासून चकचकीत करीत आणि मधली जमीन लाल किंवा काळ्या रंगाने भरीत. ग्रेट वेस्टर्नची तऱ्हा वेगळी होती. तिच्या फलकाची पाठ पोलादी पत्र्याची असे. पितळेचे एकेक अक्षर स्वतंत्रपणे तीवर रिव्हेट मारून बसवीत आणि कडेने पितळी गोट लावीत. काही रेल्वे मात्र फलकाच्या भरीस पडत नसत. त्या रंगाने नाव लिहून मोकळ्या होत. स्कॉटलंडमध्ये जतन केलेले ‘मॉड’ हे १८९१ चे मालगाडीचे इंजिन असेच. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये काम करून परतलेल्या पंचवीस इंजिनांना त्या युद्धातील सेनापती आणि रणभूमी यांची नावे देण्यात आली, त्यांपैकी हे एक. जनरल मॉड यांच्या ज्या सैन्याने मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतले, त्यात हिंदी सैनिक फार मोठ्या संख्येने होते. इंजिनावर अर्थातच सेनापतीचेच नाव आहे.

येथे आपण नामकरणाच्या मुख्य मर्माशी येऊन पोहोचतो. नाव कोणाचे ठेवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याची जगाकडे पाहण्याची दृष्टी त्या नावात उतरते. याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेची ‘ज्युबिली’ इंजिने. विल्यम स्टॅनियर यांच्या आराखड्याप्रमाणे १९३४ ते १९३६ या काळात अशी १९१ इंजिने तयार झाली. १९३५ मध्ये पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा त्यांतील पहिल्या क्रमांकाच्या इंजिनाला ‘सिल्व्हर ज्युबिली’ हे नाव देऊन ते काळ्या तुळतुळीत रंगाने आणि चकाकत्या क्रोमियमने सजविण्यात आले. त्यावरून साऱ्या वर्गाला ते नाव पडले. मग उरलेल्यांना नावे देताना कंपनीने साम्राज्याचा नकाशाच पुढे घेतला. जवळजवळ अर्धी यादी संपल्यावर आरमारी सेनानी आणि युद्धनौका आल्या. पण आरंभी मान होता तो देश, प्रांत आणि संस्थाने यांचा.

५५७४ ते ५५९४ हे एकवीस क्रमांक हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश यांच्या वाट्याला आले. आधी ‘इंडिया’, मग मद्रास, बॉम्बे, बेंगॉल हे जुने इलाखे, त्यामागून युनायटेड प्रॉव्हिन्सेस, पंजाब, बर्मा, बिहार अँड ओरिसा, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, आसाम आणि वायव्य सरहद्द, आणि त्यानंतर संस्थाने. संस्थानांचा क्रम लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, काश्मीर, ग्वाल्हेर ही पाच प्रथम. नंतर त्रावणकोर, उदयपूर, इंदूर, कोल्हापूर आणि भोपाळ. ज्यांना जुन्या राजवटीतील तोफांच्या सलामीचा मान आठवत असेल, त्यांच्या ध्यानात हे तत्काळ येईल. पहिली पाच संस्थाने एकवीस तोफांची, आणि पुढची पाच एकोणीस तोफांची. हा क्रम योगायोगाने जुळला असेल असे वाटत नाही. दरबारात कोणाची खुर्ची कोठे मांडावयाची याचा जो तक्ता होता, तोच इंजिनांच्या क्रमांकांत उतरलेला दिसतो. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने डिसेंबर १९३४ मध्ये तयार केलेल्या ५५९३ क्रमांकाच्या इंजिनाला ‘कोल्हापूर’ हे नाव आले, ते अशा रीतीने. कोल्हापूरला स्वतःची आगगाडी मिरजेहून १८९१ मध्येच आली होती. तथापि ‘कोल्हापूर’ नावाचे इंजिन धावले ते इंग्लंडच्या रुळांवर.

एखाद्याला वाटेल की ‘इंदूर’ असे लिहिलेले इंजिन पाहून लीड्सचे उतारू गोंधळत नसतील काय? इंदूर फार दूर असल्यामुळे तो धोका नव्हता. जवळच्या गावांच्या बाबतीत मात्र तो खरोखरच उद्भवला होता. ग्रेट वेस्टर्नने आपल्या काही लहान इंजिनांवरील गावांची नावे १९२७ च्या सुमारास काढून टाकली. कारण फलकावरचे गाव हेच गाडीचे ठिकाण समजून लोक भलत्याच गाडीत बसू लागले होते.

साम्राज्याचा नकाशा पितळेत ओतला खरा. पण पितळ टिकाऊ आणि नकाशा बदलता, अशी पुढे स्थिती झाली. १ एप्रिल १९३६ रोजी ओरिसा हा वेगळा प्रांत झाला. इंजिनावर मात्र ‘बिहार अँड ओरिसा’ हे जोडनाव शेवटपर्यंत राहिले. काही फलक बदलण्यात आले. ‘आयरिश फ्री स्टेट’चे १९३८ मध्ये ‘एअर’ झाले. माल्टा बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळाल्यावर १९४३ मध्ये ‘माल्टा’ या नावापुढे त्या पदकाची आद्याक्षरे जोडण्यात आली. ट्रान्सजॉर्डन स्वतंत्र झाले तेव्हा १९४६ मध्ये त्याच्या जागी ‘एडन’ आले. आणि गोल्ड कोस्ट देश घाना या नावाने स्वतंत्र झाल्यावर १९५८ मध्ये ‘गोल्ड कोस्ट’चे ‘घाना’ झाले. हिंदी नावांना मात्र कोणी हात लावला नाही. १९४७ मध्ये सत्तांतर झाले. १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण होऊन फलक लावणारी कंपनीच विसर्जित झाली. त्याच वर्षी ग्वाल्हेर आणि इंदूर मध्यभारतात सामील झाली आणि हैदराबाद भारतीय संघराज्यात आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर आणि १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. तोफांच्या सलाम्या इतिहासजमा झाल्या. तरीही पुढची पंधरा-सोळा वर्षे ही संस्थाने इंग्लंडच्या मध्यभागातून आणि स्कॉटलंडच्या वाटेने उतारूंचे डबे ओढीत राहिली! ग्रेझली यांच्या इंजिनांपैकी ‘एम्पायर ऑफ इंडिया’ हे तर १९६४ पर्यंत धावत होते. स्वातंत्र्य मिळून तोवर सतरा वर्षे झाली होती.

त्या काळी फलाटाच्या टोकाशी वही-पेन्सिल घेऊन उभी राहणारी मुले हे ब्रिटनमधील नित्याचे दृश्य होते. सदर्न रेल्वेतील इयन ॲलन नावाच्या एका तरुण कारकुनाने १९४२ मध्ये इंजिनांच्या क्रमांकांची आणि नावांची छोटी पुस्तिका छापली, आणि तेव्हापासून नावे टिपण्याचा छंद घरोघरी पोहोचला. लीड्सच्या एखाद्या मुलाने ‘कोल्हापूर’ पाहिल्याची खूण पुस्तिकेत केली, तर त्याला पंचगंगा कोठे वाहते हे कळले असे नव्हे. पण भूगोलाच्या नकाशात ते नाव शोधण्याची इच्छा एखाद्याला तरी झाली असेलच. नाव म्हणजे ज्ञान नव्हे. ज्ञानाच्या घरावरील ती घंटा आहे. ती वाजवावी की पुढे निघून जावे, हे ज्याच्या त्याच्या जिज्ञासेवर अवलंबून.

१९६० नंतर वाफेचे युग झपाट्याने ओसरू लागले. मार्च १९६० मध्ये ब्रिटिश रेल्वेने बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन स्विंडनहून बाहेर पडले. त्याच्यासाठी कर्मचाऱ्यांत स्पर्धा घेण्यात आली आणि ‘इव्हनिंग स्टार’, म्हणजे सायंतारा, हे नाव निवडले गेले. ‘नॉर्थ स्टार’पासून निघालेली तारकांची मालिका अशी सायंकाळी पुरी झाली. ज्यांनी हे शेवटचे नाव सुचविले ते अधिकारी नव्हते, रेल्वेचे नोकर होते, हे विशेष. पुढच्या काही वर्षांत हजारो इंजिने भंगारात गेली. चोरी होऊ नये म्हणून पुष्कळ इंजिनांचे फलक आधीच उतरविले होते. त्यामुळे कित्येकांची अखेरची वर्षे नावावाचून गेली. उतरविलेले फलक रेल्वेने काही पौंडांना हौशी लोकांना विकले. आज तेच फलक लिलावात निघाले तर दहा-दहा हजार पौंडांहूनही अधिक किंमत येते. ज्या इंजिनाचे पोलाद वितळून गेले, त्याचा पितळी फलक मात्र कोणाच्या तरी दिवाणखान्यात सुखरूप आहे, असा हा प्रकार.

या भंगाराच्या लाटेतून जी इंजिने वाचली, त्यांची वाचण्याची कारणे निरनिराळी आहेत. काही राष्ट्रीय संग्रहासाठी निवडली गेली. काही खाजगी व्यक्तींनी विकत घेतली. १९६३ मध्ये ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ ॲलन पेगलर यांनी घेतले ते असेच. दोनशेहून अधिक इंजिने तर वेल्समधील बॅरी येथील भंगारवाल्याच्या आवारातून वर्षानुवर्षांनी सोडवून आणली गेली, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या अंगावर आज दिसणारे फलक नव्याने ओतलेले आहेत. ‘कोल्हापूर’ची गोष्ट निराळी. १९६७ च्या उन्हाळ्यात लीड्सच्या होलबेक शेडमध्ये ज्युबिली जातीची तीनच इंजिने उरली होती: ‘आल्बर्टा’, ‘अकिलीस’ आणि ‘कोल्हापूर’. सेटल ते कार्लाइल या डोंगराळ मार्गावर त्यांनी तो शेवटचा हंगाम काढला. ऑक्टोबरात ‘कोल्हापूर’ निवृत्त झाले आणि बर्मिंगहॅममधील टायस्ली येथे जतनाचे काम करणाऱ्या मंडळींनी ते घेतले. ‘आल्बर्टा’ आणि ‘अकिलीस’ मोडीत गेली. १९१ ज्युबिलींपैकी आज चार शिल्लक आहेत: ‘कोल्हापूर’, ‘बहामाज’, ‘लिअँडर’ आणि ‘गॅलटीआ’. एकवीस हिंदी नावांपैकी एक.

जतन केलेल्या इंजिनाचे नाव बदलावे की नाही, हा प्रश्न यानंतर उभा राहतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. १९३७ मध्ये ‘युनियन ऑफ साउथ आफ्रिका’ हे नाव मिळालेले ग्रेझली यांचे एक इंजिन जतन झाले आहे. त्याच्यासाठी आरंभी ‘ऑस्प्री’, म्हणजे मासे टिपणारा ससाणा, हे नाव योजलेले होते. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध जगभर संताप उसळला, तेव्हा काही वर्षे या इंजिनाने पक्ष्याचे नाव धारण केले. पुढे परिस्थिती पालटल्यावर जुना फलक परत आला. ज्यांनी तो काढला त्यांना लोकांच्या भावनेचा मान राखावयाचा होता. ज्यांनी तो परत लावला त्यांना इतिहासाचा. दोन्ही बाजूंना प्रामाणिक कारण होते. नाव पुसल्याने अन्याय पुसला जात नाही हे जितके खरे, तितकेच नाव मिरविण्याने ते मान्य केल्यासारखे दिसते, हेही खरे.

केवळ फलक बदलल्याने यंत्राची ओळख कशी पालटते, याची आणखी दोन उदाहरणे आहेत. १९३९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर ‘कॉरोनेशन’ हे इंजिन जाणार होते. प्रत्यक्षात ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’ या इंजिनावर त्या नावाचे आणि क्रमांकाचे फलक चढवून ते धाडले गेले, आणि परत आल्यावर १९४३ मध्ये त्याला स्वतःचे नाव मिळाले. आज राष्ट्रीय संग्रहात आहे ते हेच. दुसरे उदाहरण ‘ओल्टन हॉल’चे. बॅरीच्या भंगारातून १९८१ मध्ये सुटलेल्या या इंजिनावर हॅरी पॉटरच्या चित्रपटांसाठी ‘हॉगवर्ट्स कासल’ हा फलक लागला, आणि जगातील कोट्यवधी मुले त्याला त्याच नावाने ओळखू लागली. ज्या वाड्याचे मूळ नाव, त्याची आठवण फारच थोड्यांना असेल.

ज्या इंजिनांना सेवेत असताना नाव नव्हते, अशांपैकी काहींना ते नंतर प्रेमाने देण्यात आले. डोंगरदऱ्यांतून धावणाऱ्या गाड्यांची छायाचित्रे आयुष्यभर टिपणारे वेकफील्डचे बिशप एरिक ट्रेसी यांचे १९७८ मध्ये ॲपल्बी स्थानकावर निधन झाले. एका साध्या, बिननावाच्या इंजिनाला त्यांचे नाव देण्यात आले. चित्रकार डेव्हिड शेपर्ड यांनी विकत घेतलेल्या मालगाडीच्या इंजिनाला ‘ब्लॅक प्रिन्स’ हे नाव दिले. आणि २००८ मध्ये तर लोकवर्गणीतून एक संपूर्ण नवे वाफेचे इंजिन तयार झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये यॉर्क येथे त्याचे ‘टॉर्नेडो’ असे नामकरण झाले. ते लढाऊ विमानाचे नाव. मॅन्सेल यांच्या हिशेबात या नावांनाही काही अर्थ नसता. वर्गणी देणाऱ्यांना मात्र आपल्या इंजिनाला नाव नसणे ही कल्पनाच सहन झाली नसती.

तेव्हा नावामुळे इंजिनाच्या कामात फरक पडत नाही, हे मॅन्सेल यांचे मत इंजिन धावत होते तोवर बरोबर होते. ते थांबल्यावर नावाचे काम सुरू झाले. बॉयलर, चाके, दट्ट्या यांवरून त्या काळचे यंत्रज्ञान कळते; परंतु त्या काळचे राज्य कोणाचे होते, मान कोणाला होता, शाळेत मुलांना कोणता इतिहास शिकविला जात होता आणि नकाशात कोणता रंग पसरला होता, हे कळते ते फलकावरून. म्हणून जुना फलक हा दागिना नसून दस्तऐवज आहे, असे समजून तो वाचला पाहिजे. दस्तऐवजावर लिहिलेले सारेच आपल्याला पटावे असे नाही. पण ते खोडले तर पुढच्या पिढीला विचारावयाचे प्रश्नच हरवतात.

‘कोल्हापूर’ या फलकाविषयीही असेच म्हणता येईल. तो कोल्हापूरच्या प्रजेने लावलेला नाही. एकोणीस तोफांच्या हिशेबाने साम्राज्याच्या यादीतून उचललेले ते एक नाव आहे. ती सलामी गेली, ती कंपनी गेली, ते साम्राज्य गेले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे आणि हैदराबाद ही त्याची भावंडे भंगारात वितळली. राहिले ते एक इंजिन, आणि त्यावरचे एका मराठी नगरीचे नाव. ते वाचून हे येथे कसे, असा प्रश्न जर कोणा इंग्रज मुलाला पडला, आणि त्याचे खरे उत्तर कोणी त्याला दिले, तर तो फलक ओतणाऱ्या कारागिराचे श्रम वाया गेले नाहीत असे म्हणता येईल.